समोरच्या बंगल्याला गिऱ्हाईक आलंय

वहिनी, मेथी नंतर निवडा, आधी इकडे कुंपणाशी या. समोरचा बंगला बघायला काल पुन्हा ती पांढरी गाडी आली होती. एमएच झिरो फाइव्ह. म्हणजे कल्याण-डोंबिवली, माझ्या भाच्याच्या गाडीला तोच नंबर आहे. नवरा-बायको दोघंच. एजंट किल्ली आणायला म्हणून गेला तो अर्धा तास उगवलाच नाही. मग काय, उन्हात उभी ठेवायची माणसं? बोलावलं मी ओट्यावर. ताक दिलं आणि सगळी माहिती काढून घेतली. चौकशीखोर म्हणा हवं तर. उद्या शेजारी व्हायची आहेत, आपल्याला ठाऊक नको?

तर भावजी बँकेतून रिटायर झालेत. एकसष्ट पूर्ण. बाई शाळेत होत्या, त्याही आता मोकळ्या झाल्यात. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात. डोंबिवलीचा टू बीएचके विकायचा आणि कुठंतरी शांत, छोट्या गावात जाऊन राहायचं असं भावजींच्या डोक्यात बसलंय. बाईंच्या डोक्यात काय बसलंय ते पुढं सांगते, तीच खरी बातमी आहे.

वर्षभर गावं बघतायत, लग्नाळू मुलासाठी स्थळं बघावीत तशी. पहिली दापोली. मे महिन्यात गेले, आंबे खाल्ले, समुद्र बघितला आणि भावजींनी तिथंच गुंठ्याचा भाव विचारला. मग रात्री खानावळीतल्या मावशींनी 3 जून 2020 ची गोष्ट सांगितली. निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोठं दुखणं आलं तर कुठं न्यायचं, याचं उत्तरही काही मनासारखं मिळालं नाही. मी म्हटलं, भावजी, कोकण बघायचं तर जुलैत. कपाटातल्या चपलेला बुरशी आलेली बघूनही प्रेम राहिलं, तर खुशाल घर घ्या. मे महिन्यात काय, सगळंच कोकण गोड.

मग चिपळूण. तिथं भावजी वाचनालयावर भाळले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 सालचं. रोज सकाळी जाऊन पेपर वाचायचा, दुपारी ग्रंथ, असं स्वप्न. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी गावात शिरली ती त्या वाचनालयातही शिरली. 2005 लाही शिरली होती. चिपळूणची माणसं चिवट हो, चिखल उपसून परत दुकानं मांडतात, वाचनालयही पुन्हा उभं केलं. पण पासष्टीनंतर फ्रीज माळ्यावर चढवायची हौस कुणाला असते?

नाशिक दोघांनाही छोटं वाटलं नाही. त्यात पुढच्या सिंहस्थाची धामधूम. तो विषय तिथंच संपला.

वाई मात्र भावजींच्या अजून मनात आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मराठी विश्वकोशाचं ऑफिस. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या गावात राहिले, म्हणून आपणही राहावं असं काहीतरी. मी म्हटलं, तर्कतीर्थांना शनिवारी दुपारी पुलावर अडकावं लागलं नव्हतं. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारं सगळं पुणं वाईतनंच जातं आता. रेल्वे तर नाहीच. साताऱ्याला मात्र नावं ठेवायला मला जागा सापडली नाही. हवा चांगली, पुणं जवळ, मुलगी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला येऊ शकते. पण गाव चढ-उताराचं. अजिंक्यतारा दिसतो त्या गल्लीत घर बघितलं, तर बाईंच्या गुडघ्यांनी तिथंच नकार दिला. स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. तरीसुद्धा सांगते, सातारा घेतलं असतं तर मी वाईट म्हटलं नसतं.

आता आपलं गाव. तुम्हाला वाटेल मी गोडवे गायले असतील. छे. विश्रामबाग काय नि गावातली सांगली काय, दिसायला कुठं देखणी आहे? उन्हाळ्यात तापते, गाळपाच्या दिवसांत वारा फिरला की मळीचा वास घरात. भावजी म्हणाले, रोज सकाळी कृष्णाकाठी फिरायला जाईन. म्हटलं जा की, पण पाण्यापासून लांब, मगरी आहेत. हसले. त्यांना वाटलं थट्टा करतेय. मग मोबाइलवर हरिपूरकडचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा बाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला.

आणि पुराचं मी मुद्दाम काढलं. एजंट म्हणे, 'साहेब, इथं पाणी येत नाही.' आपल्या या लायनीत नाही येत, खरं आहे. पण त्याच एजंटाने परवा त्यांना गावात एक स्वस्तातला फ्लॅट दाखवलाय, तळमजल्यावर, आणि तिथंही हेच वाक्य. मी म्हटलं, एजंटाला विचारू नका, गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा. तो भिंतीवरची रेघ दाखवेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आठवतंय ना, झोपेतनं उठलं की पहिला प्रश्न, आयर्विन पुलाशी पाणी किती फूट? धोक्याची पातळी 45 आणि पाणी गेलं 57 च्या वर. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, सगळं पाण्यात. माझी नणंद सासू-सासऱ्यांसकट माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आली होती, तुम्हीच तर पोळ्या लाटायला आला होतात. सासऱ्यांना बोटीत बसवताना चार जण लागले. पंचाऐंशीचा माणूस, आयुष्यात कधी कुणाच्या पाठीवर बसला नसेल. हे मी त्यांना सगळं सांगितलं. पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघायचा आणि मगच बयाणा.

मग भावजींनी मला उलट विचारलं, इतकं सगळं असताना लोक इथं राहतात कशासाठी?

म्हटलं, मिरजेसाठी. आपल्या इथनं मिरज किती लांब? रिक्षात बसलं की आलं. डॉ. वानलेस यांनी 1894 ला तिथं मिशन हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून त्या गावात डॉक्टरांचं पीक आहे. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, हाडांचे, हृदयाचे, डोळ्यांचे दवाखाने एका रस्त्यावर. कर्नाटकातनं माणसं येतात औषधपाण्याला. स्टेशनाबाहेर उतरलेल्यांत अर्ध्यांच्या हातात एक्स-रेची पिशवी असते. बघायला जायचं म्हणून मिरजेला कुणी जात नाही, मी समजू शकते, पण सत्तरीनंतर बघायचं काय असतं वेगळं? साठीला माणूस डोंगर बघतो. त्याला वाटतं आपण असेच राहणार.

आमच्या ह्यांच्या वेळचं मी त्यांना सांगितलं. त्या रात्री दीडला छातीत कळ आली, मी ओरडले आणि तुमचे मालक गेटची कडी काढायला वेळ नको म्हणून या कुंपणावरनं उडी मारून आले. लुंगी फाटली. रिक्षावाल्याला उठवलं आणि आम्ही मिरजेत पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यानंतर चार वर्षं मिळाली आम्हाला. सगळ्या गावात दवाखाना असतो हो, पण रात्री दीडला तिथं पोचायला किती वेळ लागतो आणि कोण पोचवतं, हे घर बघताना कुणी विचारतं का?

हे ऐकल्यावर बाई बोलायला लागल्या. भावजी एजंटाला फोन लावायला गेटपाशी गेले आणि त्यांनी हळूच विचारलं, 'तुम्ही एकट्या राहता?' हो म्हटलं. 'भीती नाही वाटत?' म्हटलं, भीती कसली, कंटाळा येतो कधीकधी, मग कुंपणाशी येऊन उभी राहते. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. डोंबिवलीत त्यांचं भजनी मंडळ आहे, भिशी आहे, लोकलमधल्या जुन्या मैत्रिणी अजून महिन्याला भेटतात. भावजींचे मित्र म्हणजे बँकेतले, ते बँक सुटली तशी सुटले. त्यांना गाव सोडायला काही लागत नाही. जे तुटायचं ते बाईंचं तुटणार. आणि म्हणाल्या, 'यांचं काही झालं तर मी त्या दापोलीच्या जागेत एकटी काय करणार होते? मला गाडीही चालवता येत नाही.' वहिनी, वर्षभर गावं बघतायत आणि हा प्रश्न त्या माउलीला कुणी विचारलाच नव्हता. दोघांतलं एक मागं राहणारच. बहुतेक बाईच. मग गाव तिच्या बेताचं नको?

मी विचारलं, मग इथं काय बघितलंत? तर म्हणाल्या, भाजीवाली दारात येते का, कामाला बाई मिळते का, चालत जाण्याजोगं देऊळ आहे का. बघा, बरोबर प्रश्न. भावजींचा प्रश्न होता, नाटकं होतात का! त्यांना सांगितलं, विष्णुदास भाव्यांनी 1843 ला 'सीतास्वयंवर' केलं ते याच सांगलीत, आणि दर 5 नोव्हेंबरला भावे पदक देतात तेव्हा मोठमोठे नट येतात. मिरजेत सतारी बनतात, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं. फार खूश झाले. होऊ देत. पाण्याचंही विचारलं, ते बरं केलं, कारण छोट्या गावांत पाणी चार-चार दिवसांनी येणारी काही कमी नाहीत. आपल्याकडं रोज येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी पाठवलं ते आपल्या मिरजेतनंच.

पैशाचं मात्र त्यांचं गणित मला पटलं नाही. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा, आलेल्या पैशातनं इथं मोठा बंगला, वर फर्निचर. सगळा पैसा भिंतींत! आणि घाई कसली, तर म्हणे फ्लॅट विकला की नफ्यावरचा कर वाचवायला दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. अहो, पण ते घड्याळ विकल्यावर सुरू होतं ना? विकूच नका आत्ता. भाड्यानं द्या. डोंबिवलीतनं एकदा पाय निघाला तर त्या भावात परत पाय ठेवता येणार नाही. आणि घर घ्यालच तेव्हा एकट्या बाईंच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. हे ऐकून भावजी जरा गप्प झाले. बाई झाल्या नाहीत.

प्रवासाचंही तसंच. त्यांना वाटत होतं ज्येष्ठ नागरिक म्हणून रेल्वेत सवलत मिळेल. म्हटलं, ती मार्च 2020 ला गेली ती गेलीच. एसटीत पासष्टनंतर अर्धं आणि पंच्याहत्तरनंतर फुकट. बायकांना कुठल्याही वयाला अर्धं. म्हणजे अजून चार वर्षं बाई अर्ध्या तिकिटात आणि भावजी पूर्ण. डोंबिवलीची आठवण आली तर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं. आणि सत्तरनंतर ते पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, पण ते कुठल्या दवाखान्यात चालतं हे आधी जाऊन विचारून ठेवायचं, दुखणं आल्यावर नाही.

एवढं सगळं झाल्यावर एजंट आला किल्ली घेऊन. बंगला बघितला त्यांनी. मला विचाराल तर तो घेऊ नये. जिना बाहेरनं आहे, अरुंद, कठडा गुडघ्याएवढा, आणि संडास-बाथरूम दोन पायऱ्या खाली. माळवदावर झाडं लावायची स्वप्नं बघत होते भावजी. दोन माणसांना पाच खोल्या कशाला? झाडायच्या कुणी?

संध्याकाळी बाईंचा फोन आला. नंबर घेऊन ठेवलाच होता मी. म्हणाल्या, 'हे बयाणा द्यायच्या गोष्टी करतायत, तुमचं मत सांगा.' ऐनवेळी मला काही सुचलं नाही, उद्या सांगते म्हटलं. रात्री विचार केला. तुम्हालाही फोन येईल, कारण तुमचाही नंबर मी देऊन ठेवलाय, दोघींनी एकच सांगायचं. आत्ता बयाणा देऊ नका. जूनला या, दिवाळीपर्यंत भाड्यानं राहा. पाऊस बघा, पूर बघा, गणपती बघा, एखादा ताप काढा इथं. बाईंना भजनी मंडळ मिळतंय का बघा. नाही मिळालं तर डोंबिवलीचं दार उघडं आहे. माझ्या वरच्या मजल्यावरची वालचंद कॉलेजची पोरं मेअखेर जातायत. जिना आतून आहे, कठडा दोन्ही बाजूंनी. भाड्याचं त्यांच्याशी मी बोलेन. लाइटचा मीटर वेगळा आहे, तेवढं मात्र तुम्ही आधीच सांगून टाका.