सातवी गोळी

थरारक कादंबऱ्या वाचणाऱ्याला आमच्या घरात वाचक म्हणत नाहीत. ‘त्याला काय, कसलंही चालतं’ असं म्हणतात. तक्रार नाही. खरंच चालतं.

माझं सगळं शिक्षण एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत झालं. वरच्या फळीवर मॅक्लीन, चेस, फोर्सिथ आणि खालच्या फळीवर बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. वरची पुस्तकं जाड म्हणून वर ठेवली आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. चेसची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच घरी न्यावी लागत. मुखपृष्ठावर जी बाई असे, ती आत बहुधा सापडत नसे. पण हे आईला कोण समजावणार? या चेसनं १९३९ साली पहिली कादंबरी लिहिली ती अमेरिकेतल्या गुंडांवर, आणि तीही इंग्लंडमध्ये बसून, नकाशे आणि बोलीभाषेचे कोश पुढ्यात घेऊन. मला त्याचं कोण कौतुक! आपल्याला पत्ता माहीत असूनही घर सापडत नाही.

त्या लायब्ररीत आणखी एक सभासद होता. त्याला मी कधी पाहिलं नाही, फक्त त्याची पेन्सिल ओळखायचो. तो समासात हिशेब ठेवायचा. एका कादंबरीत (नाव नको, लेखक बिचारा गेला) नायक गच्चीवरून गोळ्या झाडत होता आणि समासात बारीक अक्षरात १, २, ३ असे आकडे पडत होते. सहानंतर दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘सातवी गोळी! रिव्हॉल्व्हर सहाचं आहे.’ दुसऱ्या एकीत, ‘हा परवापासून जेवलेला नाही.’ ही दुसरी नोंद मॅक्लीनच्या कुठल्याही पुस्तकात खपून जावी.

मॅक्लीन मी मे महिन्यात वाचतो. हा गृहस्थ महायुद्धात ब्रिटिश आरमारात होता, आर्क्टिकच्या ताफ्यांबरोबर गेला होता, आणि नंतर ग्लासगोजवळ शाळामास्तर झाला. त्यामुळे त्याच्या पुस्तकातली थंडी अस्सल असते. ‘द गन्स ऑफ नॅव्हारोन’मध्ये भर वादळात, रात्री, ओल्या कड्यावर बोटांच्या टोकांनी चढणारी माणसं वाचताना मी लाइट गेलेली असतानाही पांघरूण शोधलंय. त्याच्या नायकांना झोप नाही आणि प्रेमात पडायला तर वेळच नाही. शिवाय तुकडीत एकजण फितूर असणार, हे तीन पुस्तकं वाचली की कोणालाही कळतं. मलाही कळलं. तरी दर खेपेला मी भलत्याच माणसावर संशय घेतो. बहुतेक जो सारखा कुरकुरत असतो त्याच्यावर. आणि कुरकुरणारा तेवढा शेवटपर्यंत एकनिष्ठ निघतो. पुढे नोकरीत या ज्ञानाचा फार उपयोग झाला.

पण माझं खरं दैवत फोर्सिथचं ‘द डे ऑफ द जॅकल’. १९७१चं पुस्तक. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एका इंग्रजाला दिली जाते, पाच लाख डॉलरची. आता द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, हे जगाला ठाऊक. म्हणजे सुपारी फुकट जाणार, हे पहिल्या पानापासून उघड. काही प्रकाशकांनी याच कारणानं हस्तलिखित परत केलं म्हणतात. त्यांनी कधी कीर्तन ऐकलं नसावं. सीता सापडणार हे माहीत असूनही माणसं मध्यरात्रीपर्यंत बसतात.

मी ते पुस्तक पाचव्यांदा वाचत होतो, तेव्हा घरात सिंक तुंबलं होतं. नळवाला चार दिवस ‘साहेब, उद्या नक्की’ म्हणत होता. आणि इकडे हा जॅकल! कबरस्तानात जाऊन लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याच्या नावानं जन्माचा दाखला काढतो, त्यावर पासपोर्ट मिळवतो. कारागिराकडून कुबडीच्या नळ्यांत मावेल अशी बंदूक बनवून घेतो, आणि कारागीर ती ठरल्या तारखेला देतो. मग जंगलात जाऊन झाडाला एक खरबूज टांगतो, त्यावर नाकडोळे रंगवतो, लांब जाऊन शांतपणे नेम बसवतो. तिथं एकही खून होत नाही, फक्त फळ फुटतं. तरी मी श्वास धरून बसलो होतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला गोळीबाराचं एवढं नाही. मला तयारीचं आहे. या पुस्तकांत माणसं सांगितलेल्या वेळी येतात, आणलेलं हत्यार कामाला येतं, आणि ‘पार्ट मागवावा लागेल’ असं कुणी म्हणत नाही. हे कल्पनारम्य साहित्य नव्हे तर काय?

जॅकलच्या मागावर असलेला पोलीस कमिसेर लबेल तर आणखी जवळचा. बुटका, मवाळ, घरी बायकोच्या धाकात. वरिष्ठ मंडळी त्याच्यावर खेकसतात आणि तो गुपचूप हॉटेलांची कार्डं तपासत राहतो. मी अर्थातच त्याच्या बाजूचा. निदान तसं मी समजत होतो.

लायब्ररीच्या प्रतीत पेन्सिलवाला माझ्याआधी येऊन गेला होता. गंमत म्हणजे पानामागून पान कोरं. एकही चूक सापडली नसावी. शेवटी २५ ऑगस्ट १९६३, पॅरिस. खिडकीत जॅकल, चौकात पदकं वाटणारे उंचच उंच द गॉल. चाप ओढला जातो आणि नेमके त्याच क्षणी ते समोरच्या जुन्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला वाकतात. गोळी डोक्यामागून निघून जाते.

समासात एकच शब्द होता, ‘अरेरे!’

मी खोडरबर शोधायला उठलो, आणि तसाच परत बसलो.