खोका परत मिळणार नाही, क्षमस्व

प्रति,
फुगणाऱ्या खोक्याचे कल्पक निर्माते,
मुक्काम : जिथे कुठे स्टार्टअप असतात तिथे.

विषय : हवेच्या उशांचा, परत पाठवण्याचा खोका आमच्या घरी न पाठवण्याबाबत.
संदर्भ : आमचा पोटमाळा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या खोक्याची माहिती वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. टणक प्लास्टिकचा, घडी होणारा खोका. आतल्या भिंतींना हवेच्या उशा कायमच्या बसवलेल्या. वस्तू ठेवायची, झाकण लावायचं, व्हॉल्व्हमधून हवा भरायची, की उशा फुगून वस्तूला चहूबाजूंनी धरून ठेवतात. मुक्कामी पोचल्यावर हवा सोडायची, घडी घालायची आणि खोका परत. ना टेप, ना पुठ्ठा, ना घरभर उडणारे थर्माकोलचे दाणे. आमच्या सौ.ना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "झाकण घट्ट बसतं का?" हा प्रश्न आपण हलक्यात घेऊ नये. आपल्या धंद्याचं भवितव्य त्यात आहे.

हवा विकणारे आपण काही पहिले नव्हेत. १९५७ साली न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावी आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघे भिंतीला लावायचा उठावाचा वॉलपेपर करायला निघाले. प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवताना मध्ये हवेचे बुडबुडे राहिले. वॉलपेपर म्हणून तो कोणी घेतला नाही, ग्रीनहाउसला ऊब देणारं अस्तर म्हणूनही चालला नाही. पुढे १९६० साली त्यांनी कंपनी काढली आणि आयबीएमने आपले १४०१ हे संगणक त्यात गुंडाळून पाठवायला घेतले, तेव्हा कुठे बबल रॅपला बरे दिवस आले. म्हणजे हवा भरायची कल्पना आधी सुचली आणि तिचं काय करायचं ते नंतर. आपलंही तसंच झालं असेल तर लाजू नये, परंपरा मोठी आहे.

फक्त त्या दोघांनी नकळत एक शहाणपणा केला होता. बबल रॅप म्हणजे हजार खोल्यांची चाळ, प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. एक फुटली तर नऊशे नव्याण्णव शाबूत. आपली उशी म्हणजे एकच ऐसपैस दिवाणखाना. गोदामात कुठल्या तरी खोक्याची सुटलेली पिन तिला एकदा टोचली की आतली चिनी मातीची बरणी पुढचा सगळा प्रवास देवाच्या भरवशावर करणार. बरं, हवेचा स्वभावही आपल्याला ठाऊक असेलच. मुंबईत बंद झालेली वेफर्सची पिशवी महाबळेश्वरला पोचेपर्यंत तट्ट फुगते. विमानाच्या पोटात तर दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरू शकतो. नागपुरात मे महिन्याच्या उन्हात भरलेली उशी शीतगोदामात गेली की मऊ पडते. मधल्या मुक्कामांवर कोणीतरी उशीला चिमटा काढून बघेल, कमी वाटली तर पंप मारेल, असं आपण गृहीत धरलेलं दिसतं. आमच्या भागात पार्सल आणणाऱ्या मुलाला लिफ्टचं दार धरून ठेवायला वेळ नसतो, हे आपल्या नजरेस आणून देतो.

आता भाड्याचं. कुरिअरवाले वजनाआधी आकारमान बघतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला साधारण पाच हजारांनी भागलं, की किलो येतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, मग आत इअरफोन असोत की इडलीपात्र. मागे एका दुकानाने आम्हाला पेनड्राइव्ह पाठवला, तो ज्या खोक्यात आला त्यात आमचा नातू मावला असता. आपल्या खोक्यात आतल्या वस्तूप्रमाणे उशी लहानमोठी होते, बाहेरचं माप मात्र तेवढंच राहतं, आणि कुरिअरवाला मोजतो ते बाहेरचं.

युरोपने यावर कायदाच केला. २०२५ च्या त्यांच्या पॅकेजिंग नियमावलीप्रमाणे २०३० च्या सुमारापासून ऑनलाइन खरेदीच्या खोक्यात निम्म्याहून जास्त जागा रिकामी ठेवता येणार नाही. आणि रिकामी कशाला म्हणायचं? कागदाचा चुरा, फोम, बबल रॅप, हवेच्या उशा यांनी भरलेली जागासुद्धा रिकामीच धरायची. हवेला हवा म्हणण्याचा प्रामाणिकपणा कायद्यात क्वचित सापडतो. पुन्हापुन्हा वापरायच्या खोक्यांना मात्र त्यात सवलत आहे, पण ते खरोखर फेऱ्या मारणाऱ्या व्यवस्थेत असतील तरच. तेव्हा आपली सगळी भिस्त परतीच्या प्रवासावर आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

त्याआधी आपल्या उशीच्या एका जुन्या नातेवाइकाची ओळख करून देतो. देवगड-रत्नागिरीचा हापूस लाकडी पेटीतून यायचा, तेव्हा आंब्यांच्या मधे भाताचा पेंढा असे. फळ आदळू नये म्हणून पेंढा, आणि फळाला वारा लागावा म्हणून पेटीच्या फळ्यांमध्ये फटी. पेटी उघडली की पेंढा टाकून द्यायचा नाही. माजघराच्या कोपऱ्यात तोच अंथरून त्यावर आंब्यांची आढी घालायची, वर पुन्हा पेंढा. मग रोज हात घालून चाचपायचं, पिकलेला काढायचा, डागी वेगळा करायचा, आणि दुपारी मुलांनी हात घालू नये म्हणून आजीने तिथेच पथारी टाकायची. प्रवासातली गादी मुक्कामी आल्यावर आंबा पिकवायला लागे. आढी संपली की पेंढा गोठ्यात. त्याला कोणी परत मागत नसे, पण तो वायाही जात नसे. आपल्या उशीत हापूस ठेवला तर तो घामेजून जाईल. पण तेही असो.

आपल्या योजनेत शेवटी एक छोटीशी ओळ आहे : ग्राहक खोका परत पाठवील. महोदय, हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी मराठी घर आतून पाहिलेलं नाही. आमच्याकडे मिक्सर कधीच भंगारात गेला, त्याचा खोका अजून आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याची ही कथा. मग टणक, पाण्याने न भिजणारा, घट्ट झाकणाचा, वर आत गादी असलेला खोका घरात आला तर काय होईल? गणपतीच्या मखराचं सामान, दिव्यांच्या माळा, आजेसासूबाईंच्या काचेच्या वाट्या हे सगळं गेली कित्येक वर्षं अशाच एका खोक्याच्या प्रतीक्षेत पोटमाळ्यावर बसलं आहे. परतीची आठवण करून देणारा आपला मेसेज येईल, तेव्हा खोक्यावर "नाजूक, वर काही ठेवू नये" असं स्केच पेनने लिहून झालेलं असेल.

यात आमची नियत खोटी आहे असं समजू नये. परत करण्याच्या बाबतीत आम्ही भलतेच काटेकोर आहोत, फक्त वस्तू कोणाची तरी असावी लागते. भांड्याच्या दुकानात स्टीलचा डबा घेतला की दुकानदार विजेच्या लेखणीने त्यावर नाव घालून देतो. टिर्रर्र असा आवाज, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, आडनाव, कधी तारीख. आमचा जीपीएस तो. फराळाला गेलेला डबा दोन दिवाळ्या उलटून गेल्या तरी कोणाच्या फडताळात कुठल्या बाजूला आहे हे मालकिणीला माहीत असतं, आणि हळदीकुंकवात चार बायकांसमोर ती सहज विचारते, "आमचा चकलीचा डबा तुमच्याकडे राहिलाय ना?" याहून कडक रिमाइंडर कुठल्याही कंपनीला पाठवता आलेला नाही. शिवाय डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची. आपल्या खोक्यातून चार बेसनाचे लाडू परत आले, तर आपल्या परतीच्या हिशेबात ते कुठल्या रकान्यात बसतील?

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण तुमच्या मंडळींना पाठ असतं. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम, झाकणावर रंगाच्या खुणा, कोविडच्या आधी रोज दोन लाखांच्या घरात डबे. त्यावर व्याख्यानं झाली. पण भरला डबा ऑफिसात पोचतो याचंच कौतुक झालं. रिकामा डबा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत घरी येतो, याचं फारसं कोणी केलं नाही. तो येतो, कारण डबा घरचा आहे आणि तो आला नाही तर उद्याचं जेवण कशात द्यायचं हा प्रश्न त्याच रात्री उभा राहतो. नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट असेच फिरतात : तोच व्यापारी, तीच गाडी, क्रेटवर रंगवलेलं नाव. आपल्या खोक्यावाचून मात्र कोणाचं अडणार? फार तर खोक्यांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या सर्व्हरचं.

आणि पुठ्ठ्याला आपण उगाच कचरा म्हणता. तो आमच्या दारातून भंगारवाल्याच्या ताणकाट्यावर जातो. धारावीत बऱ्या अंगाचे खोके उकलून, आतली बाजू बाहेर करून, पुन्हा पिना मारून उभे करतात. कालचा साबणाचा खोका आज कोऱ्या अंगाने बिस्किटांच्या कामाला लागतो. जे अगदीच चेमटलेले असतात ते वापीच्या कागद गिरण्यांत लगद्याला जातात. या सगळ्या साखळीत कोणी ॲप उघडलेलं नाही. प्रत्येकाला दोन पैसे सुटतात, एवढंच. त्या पैशांत हातांचं आणि फुप्फुसांचं मोल धरलेलं नसतं हे खरं, पण तुमच्या आराखड्यात तर ती माणसंच नाहीत.

म्हणून एक सूचना. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात दारूच्या फुटक्या बाटल्या जंगलात पडून हत्तींच्या पायात काचा जाऊ लागल्या, तेव्हा २०२२ साली सरकारी दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी आणून दिली की दहा परत. पिणाऱ्याने नाही आणली तरी वेचणारा आणतो. आपणही खोक्यावर शंभर रुपये डिपॉझिट लावा, आणि ते ग्राहकाच्या ॲपमधल्या पाकिटात पॉइंट म्हणून जमा करू नका. आमच्या गल्लीत सकाळी हातगाडी घेऊन "भंगाऽऽर" म्हणत जो येतो, त्याच्या हातात रोख ठेवा. तो तिसऱ्या मजल्यावर येऊन बेल वाजवील, सौ.शी घासाघीस करील, पन्नास त्यांना देऊन पन्नास स्वतः ठेवील आणि मखर बाहेर काढून खोका घेऊन जाईल. पोटमाळ्यावरून वस्तू खाली काढून घेणारा दुसरा मनुष्य आमच्या माहितीत नाही.

भंगारवाल्याला रोख देणं जमत नसेल, तर एक खोका खुशाल पाठवावा. डिपॉझिट जप्त झालं तरी आमची हरकत नाही. एवढ्या पैशांत असा खोका बाजारातही मिळत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ग्राहक (तिसरा मजला, लिफ्ट बंद)

ता. क. : आपल्या उशीच्या व्हॉल्व्हला सायकलचा पंप बसतो का, ते उलट टपाली कळवावे. काचेच्या वाट्या काढून ठेवल्या आहेत.