तोटी

‘सावधान’ ऐकताच लग्नमांडवातून पळालेले एक समर्थ सगळ्यांना माहीत आहेत. दुसरे आमचे सर, देसाईगंज-वडशात राहतात. पहिले स्वतःच्या लग्नातून पळाले ते टाकळीला पोचले. हे माझ्या पुतणीच्या लग्नातून पळाले ते टाकीपाशी. चौथं मंगलाष्टक चालू होतं. मांडवामागं आचाऱ्यानं हात धुऊन टाकीची तोटी अर्धवट सोडली होती. बँड, भटजी, माईक आणि चारशे पाहुणे यांच्या गलक्यातून ती टपटप सरांना ऐकू आली. धावत गेले, तोटी पिळली, धावत परत आले आणि ओल्या मुठीतल्या अक्षता टाकल्या. त्या नवरदेवाच्या कपाळाला जेवणं होईस्तोवर चिकटून होत्या.

‘तिकडे असा चालत नाही जी,’ सर माझ्या कानाशी म्हणाले.

वडशात ‘तिकडे’ म्हणजे वैनगंगेपलीकडे, ब्रह्मपुरीच्या अंगाला. सरांचं ‘तिकडे’ म्हणजे मस्कत. दहा वर्षं तिथल्या एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवून आले. तुमच्याही गावात असा एक ‘तिकडे’वाला असेलच, कुणाचा दुबईचा, कुणाचा पुण्याचा. पण तो फार तर तिकडच्या रस्त्यांवर बोलून थांबत असेल. आमचे सर तोटीपाशी जातात.

झाडीपट्टीच्या नाटकाचंच घ्या. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडशातून नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्रभर रडवतात. एकदा आईच्या मरणाचा प्रवेश ऐन रंगात आला असताना सर उठून बाहेर गेले. मागं बसलेल्या बाया हळहळल्या, ‘सरायले पायवलं नाई.’ मी मागोमाग गेलो. सर चहाच्या ठेल्याजवळ वाकून ड्रमची तोटी आवळत होते. डोळे कोरडे होते. आई मेली का, असं मलाच विचारलं.

देवळात तेच, न्हाव्याकडे तेच. न्हाव्याकडे तर अर्धी दाढी झालेली असताना उठतात. मयतीला गेले तर स्मशानातला नळ आधी बघतात, मग मेलेल्याला. पोट्टे त्यांना मस्कत सर म्हणायचे, आता तोटी सर म्हणतात. सरांनाही ते कळलं आहे. राग येत नाही, फक्त ‘तिकडे मुलं असं बोलत नाहीत’ म्हणतात. तिकडची मुलं बोलत असणारच; निम्मा वर्ग केरळचा असल्यामुळे सरांना ते कळत नसेल.

त्या केरळी संगतीचा एक शब्द मात्र सरांच्या तोंडी राहिला. पंगतीत भात वाढताना ते ‘मदी, मदी’ म्हणतात. मल्याळीत त्याचा अर्थ ‘पुरे’. आमच्या झाडीत ‘मदी’ म्हणजे मध्ये. वाढणारा मान डोलावतो आणि पानाच्या बरोब्बर मधोमध आणखी एक ढीग घालतो. दोन वर्षांत सरांचं वजन सात किलोनं वाढलं.

पाण्याविषयी मात्र ते कधी ‘नळाला आलं’ असं म्हणत नाहीत. ‘बनवलं’ म्हणतात. ओमानमध्ये पिण्याचं पाणी बहुतेक समुद्राचं मीठ काढून केलेलं असतं, आणि ते छतावरच्या टाकीत चढतं. उन्हाळ्यात ती टाकी अशी तापते की नळाखाली हात धरवत नाही. म्हणून तिथले लोक मे महिन्यात गीझर बंद करतात आणि घरातल्या त्या बंद गीझरमध्ये पाणी निववून त्यानं अंघोळ करतात. म्हणजे गरम पाणी हवं तर साधा नळ आणि थंड हवं तर गीझर. सरांनी इथं आल्यावर घरात गीझर बसवला तेव्हा सगळी आळी बघायला आली होती. वडशाच्या मे महिन्यात, शेजारचं ब्रह्मपुरी ४६-४७ अंशांवर असताना, हा माणूस गीझर घेतो! वैनींनी लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

त्यांची सालालाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मधली वाक्यं मी पुरवतो. ओमानच्या दक्षिणेला सालाला आहे. जून ते सप्टेंबर तिथल्या डोंगरांना आपल्याच मान्सूनचं एक टोक शिवतं, डोंगर हिरवे होतात, भुरभुर चालू राहते. त्या मोसमाला ते ‘खरीफ’ म्हणतात. शब्द एकच, पण आपल्याकडे खरीप आला की बियाण्याची उधारी, पऱ्हे आणि रोवणी. तिकडे खरीफ आला की सहल. आखाती देशांतून लोक गाड्या भरून येतात, भुरभुरीत चटया टाकून चहा पितात. तिकडे शाळेला मोठी सुट्टी जून-जुलैत, आणि नेमकं तेव्हाच गावी यायचं विमानाचं तिकीट दुप्पट. एका वर्षी सरांना ते जमलं नाही. मग चार मास्तर मिळून भाड्याच्या गाडीनं हजार किलोमीटर वाळवंट तुडवून सालालाला गेले. गडचिरोलीचा माणूस, जिथं पाऊस पडला की अर्धा जिल्हा उरलेल्या अर्ध्याला दिसत नाही, तो पैसे भरून पाऊस बघायला!

‘शर्ट भिजेस्तोवर उभा राहिलो जी.’

‘किती वेळ लागला?’ हे माझं वाक्य.

‘दीड तास.’

सर तिकडे गेले ते हौसेनं नाही. २००४ साली आम्ही दोघं एकाच दिवशी एका विनाअनुदानित शाळेत लागलो. शाळेचं नाव राहू द्या. अशा शाळांची नावं निरनिराळी असतात, पगार सारखाच असतो. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ अशी पाटी लागत होती. २००९ साली शासनानं त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला आणि त्या दिवशी आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. एक शब्द गेल्याचे पेढे! पैसे सरांचे, धान विकून आणलेले. पुढंही सर तसेच शिकवत राहिले. सकाळी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला, अकराला फळ्यापुढं. पँटच्या मोहरीला चिखल असायचा आणि पोरं तो मोजायची. २०१२ साली ते गेले. २० टक्के अनुदान आलं २०१६ साली. सरांचं आणि गडचिरोली जिल्ह्याचं जन्मवर्ष एकच, १९८२. दोघांनाही मागास म्हणून अनेक योजना लागू होत्या.

दोन वर्षांमागच्या ऑगस्टात आम्ही काही कामानं गडचिरोलीला निघालो आणि आरमोरीच्या स्टँडवर अडकलो. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले होते, पाल नदी रस्त्यावर आली होती, पुढची वाहतूक बंद. आभाळ, छप्पर, रस्ता, सगळीकडून पाणी. एक पोरगा मोटरसायकल घेऊन निघाला होता. सरांनी चावी काढून घेतली. ‘तिकडे वाहत्या वादीत गाडी घातली तर जेल होते,’ म्हणाले. वादी म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण जेल कळली. शिव्या देत बसून राहिला.

आणि एवढ्या सगळ्या पाण्यात सर अचानक उठले. स्टँडच्या पाणपोईची तोटी गळत होती.

‘सर, नदी रस्त्यावर आली आहे.’

‘नदी आपल्याला बंद करता येत नाही जी.’

तोटी झिजलेली होती, बंद होईना. रुमाल गुंडाळून पाहिला. मग तिथंच कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, ‘तिकडे पहिला पगार झाला ना, तेव्हा तीनदा कार्ड घातलं मशीनमध्ये. आकडा तोच आला. मग बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. बी.एड. होऊन आठ वर्षं झाली होती. वाटलं, हे लोक दगडावर बसून समुद्रातून पाणी काढतात आणि मास्तरला महिन्याच्या महिन्याला पैसे देतात. आपल्याकडे तर नद्या आहेत.’

त्या ‘तिकडे’ला मला हसू आलं नाही. सर तोटीकडे बघत होते. ‘तुमचा पगार टप्प्याटप्प्यानं येतो ना? असाच. टप, टप.’

गेल्या महिन्यात सर आमच्या शाळेत आले, स्टाफरूममध्ये न शिरता सरळ पाण्याच्या टाकीकडे गेले आणि पिशवीतून पान्हा काढून नवी पितळी तोटी बसवली. मुख्याध्यापकांनी बिल विचारलं. ‘आठशे बैसा,’ सर म्हणाले. हजार बैसांचा एक रियाल होतो आणि बैसा म्हणजे मूळचा आपला पैसाच, हे मी मुख्याध्यापकांना समजावीपर्यंत सर सायकलवर बसून गेले होते.

तोटी गळत नाही. माझा पगार ६० टक्क्यांवर आहे.