‘हॅक झालं’ कोणी म्हणावं?

नागपूरच्या धंतोलीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही, पण डॉक्टर मात्र एकाचे दोन मिळतात. एक दवाखान्यात, दुसरा फेसबुकवर. दुसऱ्याचं नाव तेच, फोटो तोच. फक्त तो नाडी बघत नाही, ‘अर्जंट वीस हजार टाक, संध्याकाळी देतो’ एवढंच म्हणतो. मग खऱ्या डॉक्टरांची पोस्ट येते : ‘माझं अकाउंट हॅक झालं आहे, कृपया पैसे पाठवू नका.’

राजेहो, हॅक काहीच झालेलं नसतं. कोणीतरी फोटो उचलला, त्याच नावाचं नवं खातं उघडलं. मित्रयादी तर तुम्हीच जगजाहीर ठेवली होती. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड तर कुरिअरवाला म्हणवणाऱ्याला आपणच वाचून दाखवतो. पण ‘मी फसलो’ म्हणण्यापेक्षा ‘हॅक झालं’ म्हणणं शानदार वाटतं. फसतो तो बावळट, हॅक होतो तो महत्त्वाचा माणूस.

पुढाऱ्यांना तर हा शब्द म्हणजे वरदान. रात्री अकराला अकलेचे तारे तोडायचे, सकाळी पक्षाच्या जिल्हाध्यक्षाचा फोन आला की ‘हॅक झालं’. तक्रार? करू. कुठून लॉगिन झालं? बघू. विषय संपला.

आता खरोखरचं हॅकिंग होतच नाही, असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये पंतप्रधानांच्या ट्विटर खात्यावरून भारताने बिटकॉइन स्वीकारल्याची घोषणा झाली होती. ऑगस्ट 2024 मध्ये खासदार सुप्रिया सुळेंनी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाल्याचं सांगितलं. दोघांवरही लोकांनी विश्वास ठेवला, ठेवायलाच हवा होता. माझा प्रश्न पुढचा आहे. हेच वाक्य वजन नसलेल्या माणसाने उच्चारलं तर?

त्याचं उत्तर आमच्या नागपुरातच आहे. ॲड. सुरेंद्र गडलिंग इथल्या कोर्टात यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालच्या आरोपींची बाजू लढवायचे. 6 जून 2018 ला भीमा-कोरेगाव हिंसाचाराच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि तोच कायदा त्यांच्यावर लागला. आधार मुख्यतः जप्त संगणकांतली पत्रं. 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंगने हार्डडिस्कच्या प्रती तपासून सांगितलं, की गडलिंग यांचा संगणक वीस महिने दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि ‘नेटवायर’ नावाच्या हेरमालवेअरमधून त्यात चौदा फायली पेरल्या गेल्या. सहआरोपी रोना विल्सन यांच्या संगणकातल्या घुसखोरीची सुरुवात तर तोतयेगिरीतूनच. जून 2016 मध्ये दुसरे सहआरोपी वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आला; ओळखीचं नाव म्हणून जोडलेली फाइल उघडली, आणि दार उघडलं. आर्सेनलच्या मते तिथली काही पत्रं वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत तयार झाली, ती आवृत्ती त्या संगणकात नव्हतीच. पत्रं कधी उघडल्याची खूणही नाही.

खटला चालवणाऱ्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला (एनआयए) हे मान्य नाही. पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला मालवेअर सापडलं नाही, असं तिचं म्हणणं. ठीक. दोन प्रयोगशाळांचं जुळत नसेल तर दोघींना साक्षीला उभं करा, उलटतपासणी होऊ द्या. पण त्यासाठी खटला सुरू व्हावा लागतो! जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि सहआरोपी सुधीर ढवळे यांना जामीन दिला तेव्हा तीनशेंवर साक्षीदार रांगेत होते आणि आरोपनिश्चितीही झाली नव्हती. जामीन मिळाला तो या उशिरापायी, संगणकापायी नव्हे.

बरं, कायद्यात याची सोय आहे का? जालन्याच्या अर्जुन खोतकरांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावलं, की डिजिटल पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष अधिनियमाने त्यात हॅश मूल्याचा, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशाचा, रकाना घातला. उत्तम. पण हॅश एवढंच सांगतं, की नोंदवल्यानंतर फाइल बदललेली नाही. जप्तीआधी ती तिथे कोणी ठेवली, याचा रकाना त्या फॉर्मात नाही. आयपी ॲड्रेसचीही तीच गत. धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलच्या वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला असेल, तर त्या पत्त्यामागे सर्जन आहे, वॉर्डबॉय आहे की पेशंटचा भाचा, कसं ओळखणार? तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 क आणि 66 ड कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चुकीच्या माणसाला ती होऊ नये म्हणून यंत्राच्या नोंदी माणसाच्या आधी बोलत्या कराव्या लागतात.

तेव्हा ‘हॅक झालं’ हे ना ब्रह्मवाक्य, ना थाप. तो तपासता येणारा दावा आहे. कोणत्या उपकरणावरून, किती वाजता लॉगिन झालं, फाइल कधी उतरली, याच्या बऱ्याच नोंदी यंत्रात राहतात. पुढाऱ्याने म्हटलं तर त्याच्याकडे तक्रारीचा क्रमांक मागा. आरोपीने म्हटलं तर त्याची हार्डडिस्क दोन्ही बाजूंना मान्य तज्ज्ञाकडे, खटल्याच्या पहिल्या वर्षातच पाठवा. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही मित्रयादी बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणीचा पिन लावा. तुमच्या नावाने कोणी पैसे नेलेच, तर पोस्ट नंतर टाका. ज्याचे गेले त्याला आधी 1930 वर फोन करायला सांगा.