बोंडू

काजूचं झाड उदार आणि जरासं वेंधळं. बी पोटात जपायची रीत सोडून ते ती बाहेरच लोंबकळत ठेवतं, दांडीवर विसरलेल्या छत्रीसारखी. वनस्पतिशास्त्राच्या मते खरं फळ ती बीच. वरचा लालपिवळा रसाळ बोंडू म्हणजे नुसता फुगलेला देठ. गोव्यात सत्तरीच्या डोंगरांत मार्च ते मे सगळी लगबग चालते, ती या देठापायी.

लगबग तरी कसली! बोंडू खुडायचा नाही, तो पिकून आपणहून पडायला हवा, असा जुन्यांचा दंडक. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड. माणसांना ताटकळत ठेवायचं मात्र इथल्या हवेतच शिकलं असावं. सकाळी टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन माणसं डोंगर चढतात, पडलेले बोंडू टिपतात, बी पिळून वेगळी काढतात. मग कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, अनवाणी पायांची तुडवणी. चोथ्याचा गोळा बांधून वर धोंडा ठेवला की संथ झिरपतो तो निरो. उरलेला रस कशाचंही विरजण न लावता आपला आपण आंबतो आणि भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढतो. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक उन्हाळ्याचा पाहुणा. फेणी मुक्कामाला राहते.

आमच्या आजीला दारूचं नाव खपत नसे. निरो मात्र पोटाला बरा म्हणून चाले, आणि फेणीची एक बाटली फडताळात असे, सर्दीत छातीला चोळायला. आजोबांना बारा महिने सर्दी. आजी अधूनमधून बाटली उजेडात धरून पाही, काही न बोलता जागेवर ठेवी, आणि रात्री त्यांच्यासाठी आल्याचा काढाही करी.

2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे वारशाचा मानही. डोंगर ओलांडून दोडामार्गात उतरलं, की महाराष्ट्र. झाड तेच, माती तीच. पण इथं बी बाजारात जाते आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतो. हद्द झाडाला कुणी दाखवलेली नाही, म्हणून ते दोन्हीकडे सारख्याच मनानं बोंडू गाळतं. एखादा उतारावरून घरंगळत पलीकडे जातही असेल. त्याच्याकडे परवाना मागायला अबकारी खात्यानं अजून तरी माणूस बसवलेला नाही.