गणपतीपूर्वी

श्रावण लागल्याचं पनवेलकराला पंचांगात बघावं लागत नाही. पळस्पे फाट्यावर लाल दिव्याविना पण लवाजम्यासकट एखाद्या मंत्र्याची गाडी थांबते, गमबूट घातलेले अभियंते माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं : यंदा गणपतीपूर्वी रस्ता चकाचक! मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. गणपती तेव्हापासून दर वर्षी तिथीला हजर. रस्त्याचीच तेवढी तिथी सापडत नाही.

याला खोटं म्हणावं का? कायदा म्हणतो, जपून. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवलं, तर निवडून आलेला माणूस घरी जाऊ शकतो. जाहीरनाम्यातली आश्वासनं मात्र भ्रष्ट आचारात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं. म्हणजे 'समोरचा चोर आहे' म्हणताना वकिलाला विचारायचं, 'रस्ता होणार' म्हणताना फक्त माइकवाल्याला.

धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पेणच्या अलीकडे तो रथ फार कामाला आला असता, ते असो. पण 'कुंजर' म्हणताना त्याचा आवाज तरी खाली गेला होता. आमच्याकडे 'गणपतीपूर्वी' खणखणीत म्हणतात. कुठल्या सालच्या, तेवढंच पुटपुटतात.

पुढारी म्हणतात, लोकांनाच तारीख लागते. खरं आहे. 'भूसंपादन अडलंय, ठेकेदार बदलायचाय, तारीख सांगता येत नाही,' असं कुणी भरसभेत म्हणालाच, तर मागच्या खुर्चीवरून येणार, 'मग आलात कशाला?' तरीही ही सबब मला पटत नाही. उमेद चुकली तर माफ. पण फायलीत अडचण वाचून मंचावर तारीख देणं हा उमेदीचा भाग नव्हे.

नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८मध्ये झालं, तेव्हा २०१९ अखेरचा वायदा होता. २५ डिसेंबर २०२५ला विमान खरोखर उडालं. मी धावत जाऊन शेजारच्या काकांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "उडायचं काय घेऊन बसलास? उतरलं की सांग."