मुक्काम पोस्ट हातपंप : एक खुले पत्र

प्रति,
श्रीमान खारेपाणी साहेब,
मुक्काम हातपंपाखाली, खारपाणपट्टा,
जिल्हे अकोला, अमरावती आणि बुलडाणा.

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. तीन पिढ्या तुम्हाला पितो आहोत, पण दोन ओळी कुणी टाकल्या नाहीत. आमच्या आजीची तुरीची डाळ तुमच्या कृपेने दुपारपर्यंत चुलीवर असायची. सोडा टाकला की शिजायची, पण मग वरणाला वरणाची चव राहायची नाही. गुंडीच्या बुडाशी तुम्ही ठेवून गेलेला पांढरा थर आई चिंचेने घासायची. पाहुण्यापुढे पेला धरताना घरचा माणूस आधीच सांगून टाकतो, "खारं हाय बापा, चालीन का?" पाहुणा सोयरिकीसाठी आला असेल तर एक घोट घेतो, पेला खाली ठेवतो आणि मुलाला शेती किती हे विचारायचं विसरतो.

तुमचं घराणं मोठं, हे मान्य. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधली जमीन खचली, तिथे शेकडो मीटर गाळ साचला आणि त्या गाळात तुम्ही बस्तान मांडलं. पूर्णा नदी वरून वाहते, तुम्ही खालून. फार पूर्वी इथे समुद्र होता असंही लोक सांगतात. तसं असेल तर समुद्र गेला आणि मीठ आमच्या नावावर करून गेला. आज तुमची जहागीर सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, पलीकडे शेगाव, संग्रामपूर. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्यात तुमची ९३२ गावं वेगळी मोजली. जागतिक बँकेच्या कागदात आमच्या आळीतल्या कुणाचंच नाव नाही. तुमचं आहे.

तुमचा एक चुलतभाऊ बंगालकडे असतो, आर्सेनिक. मोठा चोरटा. रंग नाही, वास नाही, चव नाही. तळ्याच्या पाण्यातले जंतू टाळावेत म्हणून लोकांनी कूपनलिका खणल्या, तर त्यांतून हा वर आला. १९८३ साली कोलकात्यात त्वचेच्या डॉक्टरांना रुग्णांच्या अंगावरच्या डागांवरून त्याचा माग लागला. पुढे छत्तीसगडात कौडीकसा गावातही तो सापडला. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेला की भारतीय मानक त्याला गुन्हेगार ठरवतं.

तुम्ही तसले नाही. तुम्ही पहिल्या घोटालाच आपलं नाव सांगता. तीच तुमची हुशारी! लपलेल्याला शोधून काढायला लोक धावतात. उंबऱ्यात बसलेल्याला शोधायचं कुणी? मानकही तुमच्याशी अदबीने वागतं. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतील. 'दुसरी सोयच नसेल तर' हे कलम वाचलं की मला वाटतं, लिहिणारा आमच्या गावी एकदा मुक्कामाला राहून गेला असावा. तुमच्या कित्येक विहिरी तर त्या २,००० वरही थांबत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या देखभालीबद्दल ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देताना टाकीची स्वच्छता, गळती, जंतुनाशक टीसीएल पावडरीचा साठा बघतात. म्हणजे हिरवं कार्ड कचेरीच्या भिंतीवर आणि तुम्ही नळात, असे दोघं गुण्यागोविंदाने नांदू शकता.

किडनीचं मात्र बोलावंच लागेल. संग्रामपूर, जळगाव जामोदकडची गावं या आजारासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहेत. डॉक्टर मंडळी जपून बोलतात, आणि ते बरोबरच आहे. साखर, रक्तदाब, दुखण्यावरच्या गोळ्या, उन्हातली कामं, पाण्यातला फ्लोराइड असे संशयित बरेच आहेत. तुमच्यावर आरोप आहे, गुन्हा शाबीत नाही. संशयाचा फायदा तुम्हाला आणि डायलिसिसची सुई आम्हाला. आमच्या गल्लीतले एक काका आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीने अकोल्याला जातात. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय. जन्मभर जे नको नको म्हणत प्यायले, ते आता पेल्यावर खूण करून मिळतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. गावात आरओचं यंत्र आलं. गोड पाणी कॅनमध्ये जातं, पैसे मोजून. आणि तुमचा उरलेला अर्क, आधीपेक्षा कडक, मागच्या नालीत. नालीतून जमिनीत, आणि जमिनीतून तुम्ही पुन्हा माहेरी.

तेल्हारा तालुक्यात वान धरण आहे. सातपुड्याचं गोड पाणी. तिथून ६९ गावांना पाणी द्यायची योजना निघाली आणि तिला स्थगिती आली. धरण सिंचनासाठी बांधलं, असं तिकडचे शेतकरी म्हणतात; तेही खोटं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख तुम्हाला टँकरमध्ये घेऊन पायी निघाले, थेट नागपूरला, तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या घरी. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी यात्रा अडवली. साहेब, इतक्या वर्षांत सरकारला तुमची भीती वाटल्याचं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. गावात आमच्या घशाखाली उतरताना तुम्हाला आजवर एका हवालदारानेही हटकलेलं नाही.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी टँकरने जाऊ नका. पाहुण्यांसाठी ठेवतात तसल्या सीलबंद बाटलीत जा आणि बैठकीच्या टेबलावर प्रत्येक खुर्चीपुढे बसा. कुणी पहिला घोट घेतला की नेहमीसारखं आपलं नाव सांगा.

कळावे, लोभ आटावा.

आपला,
हातपंपाचा वंशपरंपरागत ग्राहक

ता. क. : पत्र संपता संपता घरात चहा टाकला होता. कॅनवाला आज आला नाही. चहा फाटला.